शालनअक्काच्या जबड्यातला उजेड

मिरजेच्या स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘उजेडाचा दवाखाना’ एवढंच सांगितलं तरी पुरत असे. दवाखान्याला चांगलं लांबलचक नाव होतं, पाटीवर कुठल्याशा ट्रस्टचाही उल्लेख होता, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नव्हतं. आत दिवे मालवतात, पेशंटवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात आणि शेजारच्या पडद्यावर कॅन्सरची गाठ तेवढी उजळून दिसते, हे आता जतपासून चिकोडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. माणसं कशालाही सरावतात. सुरुवातीला हात जोडून त्या खोलीत शिरणारे लोक आता चहाच्या टपरीवर ‘तुमच्या आईचा उजेड झाला का?’ असं एकमेकांना सहज विचारू लागले होते.

त्या दिवशी सकाळी तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या बाईंना मात्र बघायला वॉर्डबॉयपासून फार्मसीवाल्यापर्यंत सगळे काही ना काही निमित्त काढून डोकावून गेले. शालन मोहिते म्हणजे कुस्तीच्या मैदानातला आवाज. गावच्या जत्रेत नेहमीच्या निवेदकाचा घसा बसला म्हणून तिनं एकदा माईक हातात घेतला, तेव्हा लोक हसले होते. पहिली कुस्ती निकाली निघेपर्यंत हसणं थांबलं, आणि तिसऱ्या कुस्तीला पंच कमिटीनं तिला बसायला खुर्ची दिली. तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडं मुलींची कुस्ती असो की मुलांची, शालनअक्का बोलायला नसली तर मैदानात काहीतरी कमी आहे असं लोकांना वाटे. आता तिच्या डाव्या दाढेखाली, हिरडीत गाठ होती.

“काल सुई टोचली आन् उजेड आज, व्हय?” तिनं विचारलं.

डॉक्टर नाझनीन मुजावर हातमोजे चढवत होत्या. “काल शिरेतून कर्बकण सोडले, अक्का. कार्बनचे कण. कोळशाच्या नात्यातले म्हणा, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांच्यावर फॉलिक आम्लाचा थर दिलाय, पालेभाजीत असतं ते. गाठीच्या पेशी भारी हावऱ्या. ते आम्ल दिसलं की कणासकट गिळतात. रात्रभरात गाठीचं पोट भरतं आणि उरलेले कण लघवीतून निघून जातात.”

“मंजी खादाडीनं मरनार म्हना की.”

“खादाडीनं सापडणार. मारायचं काम लेसरचं. त्याच कणांवर जोराचा प्रकाश टाकला की ते तापतात आणि गाठ आतल्या आत भाजून निघते. शेजारच्या मांसाला धग लागत नाही.”

“बरं हाय,” शालनअक्का म्हणाली आणि सुनेकडं वळली. “समू, लाइट घालवतील आता. भिऊ नगंस.” भीती कोणाला वाटत होती ते समृद्धीला चांगलं कळत होतं. तिनं सासूचा हात धरला.

दिवे गेले. यंत्राची जबाबदारी श्रेणिक मगदूमकडं होती. तो भौतिकशास्त्राचा माणूस, पेशंटशी बोलायची वेळ आली की घाबरणारा आणि पडद्याशी मात्र दिवसभर गप्पा मारणारा. आज त्याच्या गप्पा मध्येच बंद पडल्या. गाठीचा तुकडा काढून तपासला होता तेव्हा ती चिंचोक्याएवढी निघाली होती. पडद्यावर तेवढा ठिपका दिसायला हवा होता. तिथे खालच्या जबड्याची जवळजवळ अख्खी हिरडी उजळली होती, या टोकापासून पार पलीकडच्या बाजूपर्यंत.

नाझनीननं दिवे लावले.

तज्ज्ञांचं मंडळ तासाभरात पडद्यावर जमलं. तिघं तीन शहरांत बसलेले, तिघंही सज्जन, आणि तिघांचंही मत एकच. पडद्यावरचा हा उजेडनकाशा आजवर चुकलेला नव्हता. एवढ्या पसरलेल्या गाठीला लेसर लावणं धोक्याचं होतं. खालचा जबडा काढावा, पायाचं हाड घेऊन नवा बांधावा. बोलणं किती परत येईल ते आताच सांगता येत नाही. मंडळाच्या प्रमुखांनी हे फार हळुवारपणे सांगितलं आणि नाझनीनला त्या हळुवारपणाचाच राग आला.

शालनअक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पदर सारखा केला.

“मग नको. मला घरी सोडा.”

“अक्का, जीव वाचेल.”

“कुनाचा? न बोलता बसल्याली शालन तुमी बगितलिया का कवा? मी न्हाई बगितली.” समृद्धी रडायला लागली तसा शालनअक्काचा आवाज चढला. “रडू नगंस! मी मरायला न्हाई बसल्याली. जबडा ठिऊन काय करता येतं ते सांगा म्हनते बाई मी. इतकं शिकल्यात, आकरीत यंत्र आनलंय, अन् शेवटी इळा घिऊनच कापायचं व्हय?”

नाझनीन यंत्राच्या खोलीत गेली, दार लावलं आणि तो नकाशा पुन्हा समोर घेतला. तिला नकाशावर शंका नव्हती. तिला फक्त हार मानायची नव्हती, आणि हार न मानायची तर कुठंतरी बघत बसायला हवं होतं.

बघता बघता तिच्या लक्षात एक गोष्ट आली. उजेड सगळा ओठांच्या आणि गालाच्या बाजूला होता. जिभेकडची हिरडी पूर्ण काळी होती. रोग इतका शिस्तीचा नसतो. तो दातांच्या एका बाजूनं पसरतो आणि दुसऱ्या बाजूला पाऊलही टाकत नाही, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. शिवाय डावीकडं उजेड दाट होता, पार मागच्या दाढेपर्यंत, आणि उजवीकडं सुळ्यापाशी पातळ होत संपला होता. मानेतली एकही ग्रंथी उजळलेली नव्हती. नाझनीननं नकळत उजव्या हाताचं पहिलं बोट आपल्या खालच्या ओठात घातलं आणि हिरडीवरून फिरवलं. बोट डावीकडं दाढेपर्यंत सहज गेलं. उजवीकडं मनगट अडलं.

तिचं लहानपण मिरजेतच गेलं होतं. दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या बायका पायरीवर बसून असंच बोट फिरवत असायच्या, हे तिनं रोज पाहिलं होतं. एवढं पाहूनही आज दोन तास आपण या चित्रासमोर ठोंब्यासारख्या उभ्या होतो, याची तिला लाज वाटली. ती जवळजवळ पळतच वॉर्डात गेली.

“अक्का, आज सकाळी तोंड कशानं धुतलं?”

शालनअक्कानं आधी सुनेकडं पाहिलं. “मशेरी मी सोडलिया बगा. गाठ कळली त्या दिसापास्नं बोट लावल्यालं न्हाई. देवाची आन.”

“आज सकाळी?”

“आज व्हय?” ती जरा थांबली. “आज लावली थोडी. आवो, डॉक्टरास्नी तोंड दावायचं मंजी जरा घासूनबिसून नको का यायला? त्या ब्रशनं मला तोंड धुतल्यागत वाटतच न्हाई. येसन म्हनून न्हाई लावली, बाई. स्वच्छतेपायी लावली.”

“आत्या!” समृद्धीनं कपाळावर हात मारला.

नाझनीनला एवढा आनंद झाला की तिनं शालनअक्काला मिठीच मारली. शालनअक्का गोंधळून गेली. शिव्या खायची तयारी करून बसलेल्या माणसाला मिठी मिळाली की ते गोंधळणारच.

मशेरीची डबी पिशवीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत निघाली. समृद्धीनं ती श्रेणिकच्या टेबलावर ठेवली. त्यानं झाकण उघडून यंत्राखाली सरकवली, दिवे मालवले, आणि पडद्यावर ती पत्र्याची डबी देवघरातल्या निरांजनासारखी उजळली.

“तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजता ना?” श्रेणिक म्हणाला. “पाला अर्धवट जळला की त्यातून हेच कण तयार होतात. आम्ही भट्टी लावतो, गाळण्या लावतो, महिने घालवतो. आणि अक्का घरी तव्यावर कर्बकण करून मोकळ्या.”

“हे आधी कसं कळलं नाही?” समृद्धीनं विचारलं.

“हे कण जिथं तपासले, तिथं कोणी जळकी तंबाखू हिरडीला लावत नव्हतं,” नाझनीन म्हणाली. “आणि मला माहीत असून सुचलं नाही.”

मंडळाच्या प्रमुखांना हे पटायला वेळ लागला. डबी उजळते हे मान्य, ते म्हणाले, पण मशेरीच्या उजेडाखाली खरा रोग पसरलेला नाही कशावरून? प्रश्न रास्त होता. हिरड्या घासून पुन्हा पाहावं, तर वर्षानुवर्षांची मशेरी दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कातडीत मुरलेली. मशेरी निघून जाईपर्यंत थांबून कणांचा दुसरा डोस द्यावा, तर कणांवरच्या त्या थराला शरीर एकदा ओळखू लागलं की दुसऱ्यांदा चवताळून उठतं. वर्षभर तरी तो देता येत नाही. आणि काल दिलेले कण गाठीतून संध्याकाळपर्यंत निसटायला लागणार होते. जे करायचं ते दिवस मावळायच्या आत करायला हवं होतं.

“माझ्या कणांना मी ओळखीन,” श्रेणिक म्हणाला. पेशंटसमोर तो एवढ्या ठामपणे बोलल्याचं नाझनीनला आठवत नव्हतं. “आमचे सगळे कण एका मापाचे, एका साच्यातले. त्यांच्यावर कुठल्याही रंगाचा प्रकाश टाका, ते उत्तर एकाच रंगात देतात. तव्यावरचे कण म्हणजे खिचडी. लहान, मोठे, अर्धे कच्चे. प्रकाशाचा रंग बदलला की त्यांच्या उत्तराचा रंगही बदलतो. मी प्रकाश बदलत जातो. ज्याचं उत्तर बदलेल ते मशेरीचं. जे हटणार नाही ते गाठीचं.”

शालनअक्का पुन्हा खुर्चीत बसली. खोलीत अंधार झाला. श्रेणिकनं प्रकाशाचा रंग थोडा थोडा सरकवायला सुरुवात केली आणि पडद्यावरची ती उजेडाची पट्टी रंग पालटू लागली. यंत्राला त्यानं सांगून ठेवलं होतं, जे पालटेल ते पुसून टाक. समोरच्या दातांवरचा उजेड गेला. उजवा सुळा गेला. डाव्या बाजूचं दाट उजेडाचं रान विरत विरत नाहीसं झालं आणि दाढेखाली उरली ती चिंचोक्याएवढी गाठ, जशीच्या तशी. समृद्धीनं टाळी वाजवली.

श्रेणिकनं मात्र पडद्यावर बोट ठेवलं. गाठीच्या पुढं, जरा खालच्या अंगाला, मोहरीएवढा आणखी एक ठिपका होता. तोही रंग बदलत नव्हता.

नाझनीननं खुर्ची ओढून शालनअक्काच्या समोर घेतली आणि काही न लपवता सांगितलं. जबडा काढायची गरज नव्हती. मोठी गाठ लेसरनं जाईल, त्यात अडचण दिसत नव्हती. त्या बारक्या ठिपक्याला मात्र खालचा ओठ हलवणारी नस चिकटून होती. ठिपका तापवला तर नसही भाजू शकत होती. नस भाजली तर डावीकडून ओठ लुळा पडेल.

“ओठ पडला तर काय व्हतं?”

“प म्हणताना ओठ मिटावे लागतात. ब, म, सगळ्यांना. ते मिटणार नाहीत नीट.”

शालनअक्कानं मनातल्या मनात काहीतरी पुटपुटून पाहिलं. पैलवान. पट. पकड. बगल. मैदान. तिचा सगळा धंदाच ओठ मिटून सुरू होत होता.

“हळूहळू मारू,” नाझनीन म्हणाली. “एक झटका, मग थांबायचं. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं. ओठ ढिला पडतोय असं वाटलं की बंद. पण त्या जागी भूल देता येणार नाही. भुलीनं ओठ आधीच बधिर झाला तर मला कळणार कसं?”

“दुखंल?”

“दुखेल.”

“आन् बोलू काय? तुमच्या हितं काय कुस्ती हाय का?”

“तुम्ही लावा की.”

मंडळाच्या प्रमुखांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि परवानगी दिली. मोठी गाठ आधी झाली. भुलीचं औषध लावलेलं असल्यानं शालनअक्काला नुसती ऊब जाणवली. पडद्यावर चिंचोका लाल झाला, मग फिका झाला आणि मग दिसेनासा झाला. एवढ्यासाठी मी दोन महिने रात्र-रात्र जागले, असं तिला वाटून गेलं. पण खरी कुस्ती पुढंच होती.

बारक्या ठिपक्यावर पहिला झटका बसला तेव्हा तिची टाच खुर्चीवर आपटली. समृद्धीनं सासूचे दोन्ही पाय धरून ठेवले.

“बोला, अक्का.”

तिनं थुंकी गिळली, डोळे मिटले. आणि त्या बंद खोलीत एकदम मैदान उभं राहिलं. “हलगीवाले, जरा थांबा! कुस्तीशौकीन मंडळी, लक्ष असू द्या! मैदानात आलीया पैलवान… पहिलीच पकड बघा, बगलेतनं हात घातला, मान दाबली…” समृद्धीला सासूची ही भाषा ठाऊक होती, घरातली शालन वेगळी आणि माईकवरची वेगळी. श्रेणिकनं मैदान कधी पाहिलं नव्हतं. तो पुढचं बटण दाबायचं विसरला.

“श्रेणिक,” नाझनीन म्हणाली.

दुसरा झटका. शालनअक्का कण्हली, पण शब्द सोडला नाही. “पट काढला! पाठीवर घेतली! समोरची बी काय कमी न्हाई, मंडळी, मांडी रोवून उभी हाय…” नाझनीन डोळे मिटून फक्त प, ब, म ऐकत होती. ते ताशासारखे कडक वाजत होते. तिसरा झटका. चौथा. ठिपका अर्ध्यावर आला. पाचव्या झटक्यानंतर “पैलवान” म्हणताना शब्दाच्या तोंडी थोडी हवा निसटली. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. नाझनीननं हात वर केला आणि श्रेणिकनं यंत्र थांबवलं.

पडद्यावर खसखशीच्या दाण्याएवढा उजेड उरला होता.

“इथं थांबू,” नाझनीन म्हणाली. “आता थांबलो तर ओठ परत येईल. उरलंय ते आपण दर महिन्याला साध्या स्कॅनवर बघत राहू.”

“त्ये वाढंल?”

“वाढू शकतं. कदाचित आपोआप मरूनही जाईल.”

“आन् मारलं तर?”

“रोग गेला असं समजा. ओठाचं मला सांगता येत नाही. चार-सहा महिन्यांनी सुधारेल किंवा तसाच राहील.”

“वाढलं तर फुडल्या टायमाला जबडा?”

नाझनीननं मान हलवली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण या बाईशी नाही.

घाम शालनअक्काच्या मानेवरून खाली ओघळत होता. “आत्या, तुमचा आवाज राहू दे,” समृद्धी हळूच म्हणाली. “आपण महिन्या-महिन्याला येऊ. मी आणीन तुम्हाला.” ती हे अगदी मनापासून म्हणत होती, आणि तिचंही चुकत नव्हतं.

“समू, कुस्ती लांबली की पंच दोघींचं हात वर करत्यात. बरोबरीत सुटली म्हनून मलाच पुकारावं लागतं. लोक टाळ्या वाजवून घरी जात्यात. त्या दोघी मातूर घरी जाऊन रडत्यात, मी बगितल्यात.” तिनं पाठ खुर्चीला टेकवली. “मला दर म्हैन्याला हितं येऊन धाकधुक करीत बसायचं न्हाई. ओठाचं मी बगीन. मारा.”

“अक्का, नीट विचार…”

“केला. मारा म्हनते न्हवं.”

नाझनीननं श्रेणिककडं पाहून मान डोलावली. सहावा झटका आधीच्या सगळ्यांहून लांब होता. शालनअक्काच्या घशातून आवाज निघाला तो शब्द नव्हता. खसखशीचा दाणा लाल झाला, फिका झाला आणि पडदा पूर्ण काळा पडला. श्रेणिकनं प्रकाशाचे सगळे रंग एकामागून एक टाकून पाहिले. कुठूनही उत्तर आलं नाही.

“गेला,” तो म्हणाला. मग स्वतःलाच पटावं म्हणून पुन्हा म्हणाला, “गेला.”

दिवे लागले. समृद्धीनं ओला रुमाल सासूच्या तोंडावरून फिरवला. ओठाची डावी कड किंचित खाली ओघळलेली दिसत होती. शालनअक्कानं आरसा मागितला नाही. तिनं तोंड मिटलं, दम घेतला आणि तोच अडलेला शब्द म्हणायला गेली. नुसतीच हवा बाहेर आली. समृद्धीनं मान दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या वेळी शब्दाचा मागचा अर्धा भाग आला. शालनअक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ते दुखण्याचं नव्हतं, रागाचं होतं. तिनं मान डावीकडं कलती केली, उजवीकडून ओठ जोरानं ताणून डावी कड वर ओढली, आणि नवशिकी पोर डाव बसवताना करते तसं पुन्हा, आणि पुन्हा, करत राहिली. कितव्या तरी वेळी ओठ एकमेकांना टेकले.

“पैलवान,” शालनअक्का म्हणाली. शब्द जाडाभरडा होता, कडेनं गळत होता, पण पुरा होता.

तिनं तो आणखी एकदा, जरा मोठ्यानं म्हणून पाहिला. खिडकीबाहेरून जाणारा वॉर्डबॉय थबकला. मग ती नाझनीनकडं वळली. मैदानावर माईक बंद पडला की ती कशी बोलते, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कसं ऐकू जातं, हे सांगलीकडच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि आता तिला तेवढंच विचारायचं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “हे मैदानाच्या पार त्या टोकापातुर पोचंल का ओ?”